नववं टेबल, एकशे नव्वद व्होल्ट

शेवटी मावशी जिंकल्या, साहेब हरले आणि भिंतीवरून नऊ नव्या वायरी फिरल्या. आता हे वाक्य विसरून जा. कारण रुग्णालयाच्या धुलाई विभागात असं काही घडल्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नसतं, हा त्या विभागाचा पहिला नियम. दुसरा नियम ओल्या फरशीवर पळू नये असा होता, पण तो कुणी पाळत नसे. तेव्हा आपण निदान पहिला पाळू, आणि काहीच माहीत नसल्यासारखा चेहरा करून सुरुवात करू.

इस्त्रीची खोली लांबलचक होती. एका टोकाला विजेचा बोर्ड, आणि तिथून दुसऱ्या टोकापर्यंत एका रांगेत नऊ टेबलं. प्रत्येक टेबलावर एक जड, जुनी इस्त्री. तिला बटण नाही, काटा नाही, कसलाच स्वभाव नाही. प्लग लावला की तापायची, काढला की निवायची. तिच्याखालून दिवसभर उशांचे अभ्रे जायचे. माणूस आजारी पडला की डोकं कुठेतरी ठेवावंच लागतं, त्यामुळे अभ्र्यांना तोटा नव्हता.

खोली नवी होती तेव्हा टेबल एकच होतं आणि त्याचा प्लग थेट बोर्डात होता. मग दुसरं टेबल आलं. त्या दिवशी वायरमन रजेवर होता. मुकादमाने पहिल्या टेबलाखाली एक सॉकेट ठोकलं आणि दुसऱ्याचा प्लग त्यात खुपसला. तिसरं आलं तेव्हाही वायरमन रजेवर होता. नववं येईपर्यंत तो निवृत्त झाला होता. अशी आठवी इस्त्री सातवीकडून वीज घ्यायची आणि नववी आठवीकडून, वरच्या भावंडाचे कपडे धाकट्याला यावेत तशी. पहिल्या टेबलामागची वायर इतकी गरम असायची की मुकादम तिच्यावर आपले मोजे वाळवायचा.

बावीस वर्षांपूर्वी मावशी नोकरीला लागल्या त्या पहिल्या टेबलावर. पहिल्याच महिन्यात त्यांनी तक्रार केली की खिडकी उघडत नाही. विभागाने तातडीने दखल घेऊन खिडकीला खिळे ठोकले, म्हणजे न उघडण्याला काहीतरी कारण झालं, आणि मावशींना दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथलं स्टूल तीन पायांचं होतं. त्या बोलल्या, तिसऱ्या टेबलावर गेल्या. हीच तिथली रीत होती. जो तक्रार करेल तो एक टेबल मागे. कुणी ठरवलेली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. मावशींची आठवी तक्रार अशी होती की मला सारखं मागच्या टेबलावर का पाठवता. त्या तक्रारीवर त्या नवव्या टेबलावर आल्या. पुढे टेबलच नव्हतं, त्यामुळे तिथे त्यांना मनसोक्त बोलता येत असे.

सहा वर्षांपूर्वी नवे साहेब आले. त्यांना आकड्यांची आवड होती. त्यांनी प्रत्येक टेबलावर तासाला किती अभ्रे होतात ते मोजलं, तिथल्या माणसाच्या तक्रारी मोजल्या आणि भिंतीवर एक मोठा आलेख लावला. रेघ डावीकडून उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली येत होती. पहिल्या टेबलावर साठ अभ्रे आणि एकही तक्रार नाही. नवव्यावर चव्वेचाळीस अभ्रे आणि आठ तक्रारी. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, ‘तक्रार वाढते तसे काम घटते.’ या शोधाबद्दल साहेबांना वरून प्रशस्तिपत्र आलं होतं. मावशींना त्याच शोधाबद्दल दरवर्षी फायलीत एक शेरा मिळायचा, ‘मंद’. सहा वर्षांत सहा.

सातव्या वर्षी शेरा आला नाही, थेट आदेश आला. ‘सर्वात कमी काम देणाऱ्या नवव्या टेबलावरील कर्मचाऱ्यास येत्या एक तारखेपासून भिजवण खोलीत वर्ग करण्यात येत आहे.’

भिजवण खोली तळघरात होती. तिथे कोपरापर्यंत सोड्याच्या पाण्यात हात घालून उभं राहायचं. महिन्याभरात बोटांची सालं निघत आणि वर्षभरात सुईत दोरा ओवणं बंद होई. मावशींच्या बोटांना अभ्र्याचं कापड हाताला लागताच कळायचं की हा किती ओला आहे आणि याला किती वेळ लागेल. बावीस वर्षांत कमावलेलं हे एवढंच होतं, आणि एक तारखेला आठ दिवस उरले होते.

“सही करा,” मुकादम म्हणाला.

“वाचते,” मावशी म्हणाल्या.

“वाचून काय बदलणार आहे?”

“मग सही करून तरी काय बदलणार आहे?” असं म्हणून त्यांनी आदेशाची घडी घातली, ती इस्त्रीखाली दाबली आणि कडक करून पदराला खोचली.

आपण मंद नाही हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. त्या अभ्र्यावर अभ्रा रचून इस्त्री करत, म्हणजे वरच्याची ऊब खालच्याला मिळे. ही युक्ती पहिल्या टेबलावरच्या माणसाला सुचली नव्हती, कारण त्याला गरजच पडली नव्हती. मंद होती ती इस्त्री. पण मावशींची इस्त्री तीनदा बदलून झाली होती. तिन्ही वेळा नवव्या टेबलावरची ‘बिघडलेली’ इस्त्री पहिल्या टेबलावर नेली की ठणठणीत चालायची. यावरून मुकादमाचं असं मत झालं होतं की इस्त्र्या मावशींना घाबरतात.

त्या दिवशी सुटी झाल्यावर मावशी घरी न जाता नणंदेच्या दुकानात गेल्या. नणंद मोटारी दुरुस्त करायची. जळक्या मोटारीतली तार उसवून नवी गुंडाळायची, आणि तोंडाचा पट्टाही त्याच वेगाने फिरवायची. तिच्या दुकानात बसायला एकच खुर्ची होती आणि तीत कायम एखादा पंप बसलेला असे.

“वन्सं, एक विचारायचंय,” मावशी म्हणाल्या.

“पंपाला खाली ठेव आणि विचार. हळू, तो पाहुणा आहे.”

मावशींनी सगळं सांगितलं. नणंदेने आदेश वाचला, उलटा करून पाहिला.

“घडी छान घातलीस, वहिनी.”

“इस्त्री आतून मंद झाली असेल, तर ते कळतं का कशाने?”

“कळतं. दोन गोष्टी मोजायच्या. व्होल्ट म्हणजे रेटा. अँपियर म्हणजे त्या रेट्याने तारेतून प्रत्यक्षात किती वाहिलं. रेट्याला वाहिलेल्याने भागलं की कळतं तार किती अडवते. तो तिचा रोध, ओहममध्ये. आणि त्याच दोघांचा गुणाकार केला की कळतं ताकद किती. ते वॅट.”

“पुन्हा सांगा.”

नणंदेने हातातली तार खाली ठेवली. “माझी आई, म्हणजे तुझी सासू, दिवसभर तुला बोलायची की नाही?”

“बोलायच्या. चांगलंच.”

“तो व्होल्ट. त्यातलं तू मनावर किती घ्यायचीस?”

“थोडंसं. सणकून काही लागलं तरच.”

“तो अँपियर. आता आईच्या बोलण्याला तुझ्या ऐकण्याने भाग. जे येईल तो तुझा रोध.”

मावशींनी क्षणभर हिशेब केला. “बराच येईल.”

“आमच्या घरात मोजता आला नसता. मीटर जळलं असतं.” नणंदेने खणातून एक मीटर काढलं. त्याला वर चिमट्यासारखा जबडा होता. “हे घे. या दोन टोकांनी सॉकेटचे व्होल्ट बघायचे, नुसत्या पिना घालायच्या, धातूला हात लावायचा नाही. आणि अँपियर बघायला हा जबडा वायरीभोवती मिटायचा. कापाकापी काही नाही. इस्त्रीचा रोध बदलला असेल तर इस्त्री खराब. नसेल बदलला तर—”

“तर मी खराब?”

“तर मला येऊन सांग. आधीच काय खराब व्हायची घाई?”

विभागात खाजगी उपकरणं आणायला मनाई होती. मावशींनी मीटर डब्यात घालून नेलं. दारावर डबा उघडायला लावलाच, तर ‘पथ्याचं आहे’ असं सांगायचं ठरवलं होतं. सकाळी सगळ्या इस्त्र्या तापल्यावर त्यांनी जबडा उघडला, इस्त्रीच्या वायरीभोवती मिटला आणि आकडा बघितला.

शून्य.

त्यांनी मीटर हलवलं. शून्य. इस्त्री तापलेली होती, अभ्र्यातून वाफ निघत होती आणि वायरीतून काहीही वाहत नव्हतं. मावशी दिवसभर विचारात होत्या. संध्याकाळी दुकानात शिरताच त्यांनी मीटर टेबलावर ठेवलं.

“वन्सं, शून्य अँपियर येतंय. म्हणजे इतकी वर्षं ती इस्त्री माझ्या रागाने तापत होती.”

नणंद इतकी हसली की पंपाला धरून बसावं लागलं. “अगं, त्या एका जाड वायरीत आत दोन तारा असतात. एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. तू दोघींना एकत्र मिठी मारलीस. जाणारी आणि येणारी मिळून शून्यच दिसणार. एकीलाच पकडायला हवं.” तिने तिथल्या तिथे वीतभर वायर घेतली, एका बाजूला प्लग, दुसऱ्या बाजूला सॉकेट लावलं आणि मधल्या दोन तारा वेगळ्या काढून ठेवल्या. “ही मध्ये लाव. लाल तारेला चिमटा. काळीला हात लावू नकोस, ती सरळमार्गी आहे.”

दुसऱ्या दिवशी मावशींनी नववं टेबल मोजलं. एकशे नव्वद व्होल्ट, तीन पूर्णांक सहा अँपियर. मग चहाच्या सुटीआधी पाचवं. दोनशे एक व्होल्ट, तीन पूर्णांक आठ. मग पहिल्या टेबलाकडे गेल्या. तिथे तुफान बसायचा. पोरगेलासा, खांदे उडवत चालणारा, तासाला साठ अभ्रे काढणारा. त्याने आयुष्यात तक्रार केली नव्हती.

“काय मावशी, माझ्या इस्त्रीचा ताप मोजताय?”

“तुझाही मोजला असता, पण चिमटा लहान आहे.”

दोनशे अठ्ठावीस व्होल्ट, चार पूर्णांक तीन अँपियर.

मावशींनी आदेशाच्या पाठीवर भागाकार मांडला. दोनशे अठ्ठावीस भागिले चार पूर्णांक तीन, त्रेपन्न. दोनशे एक भागिले तीन पूर्णांक आठ, त्रेपन्न. एकशे नव्वद भागिले तीन पूर्णांक सहा, पुन्हा त्रेपन्नच, अगदी किंचित कमी. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. तिन्ही इस्त्र्यांच्या आतली तार सारखीच अडवत होती. म्हणजे इस्त्री बिघडलेली नव्हती. आधीच्या तीनही बिघडलेल्या नव्हत्या. मग गुणाकार केला. पहिल्या टेबलावर नऊशे ऐंशी वॅट, पाचव्यावर सातशे चौसष्ट, नवव्यावर सहाशे चौऱ्याऐंशी. इस्त्री तीच, रोध तोच, फक्त रेटा कमी, म्हणून वाहणंही कमी, म्हणून ताकद दोन्हीकडून मार खात होती. सहा वर्षं भिंतीवर टांगलेली ती घसरगुंडी माणसांच्या आळसाची नव्हतीच. ती वायरीची होती, आणि तिच्यावर मावशींना बसवलं होतं.

त्या उठल्या आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या.

“मावशी,” साहेब प्रेमाने म्हणाले, कारण ते सगळं प्रेमानेच करत, “इस्त्रीवर काय लिहिलंय?”

“हजार वॅट.”

“कंपनीने लिहिलंय. कंपनी खोटं लिहील का?”

“नाही. पण कंपनीने त्याच्याच खाली दोनशे तीस व्होल्ट लिहिलंय. माझ्या टेबलावर येतात एकशे नव्वद.”

“बरं. मग उरलेले चाळीस कुठे जातात?”

“वायरींत. मुकादमांचे मोजे वाळवतात.”

साहेबांनी दाराशी उभ्या मुकादमाच्या पायांकडे पाहिलं. मुकादमाने पाय मागे घेतले.

“खाजगी मीटरने मोजलेले व्होल्ट विभागाला मान्य नाहीत,” साहेब म्हणाले.

“मग विभागाच्या मीटरने मोजा.”

“विभागाकडे मीटर नाही.”

“मग अभ्र्यांनी मोजू. अभ्रे तर विभागाचेच आहेत ना?”

मावशींनी त्यांना उत्तर शोधायला वेळ दिला नाही. बाहेर येऊन त्यांनी एका कागदावर लिहिलं, ‘उद्या दहा ते अकरा. तुफान नवव्या टेबलावर बसल्यास बेचाळीस अभ्रे. मी पहिल्यावर बसल्यास त्रेसष्ट. हे आधीच लिहून ठेवत आहे, नंतर रडायचे नाही.’ साठाला नऊशे ऐंशीने भागून सहाशे चौऱ्याऐंशीने गुणलं की बेचाळीस येत होते; स्वतःच्या चव्वेचाळीसला उलट बाजूने तेच करून त्रेसष्ट. आवक कारकुनाने न वाचता शिक्का मारला. तो काहीच वाचत नसे, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. शिक्का असलेला कागद सूचनाफलकावरून काढता येत नाही, त्यामुळे मावशींनी तो आलेखाशेजारी टाचला.

“करू द्या त्यांना,” साहेब मुकादमाला म्हणाले. “स्वभाव टेबलाबरोबर बदलत नाही. तुफान तिथेही साठच काढेल.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तुफान बोटं मोडत नवव्या टेबलावर बसला. “मावशी, साठ काढले तर?”

“तर मी स्वतःहून तळघरात जाईन. तुझे अभ्रेही भिजवीन.”

पहिली दहा मिनिटं तुफान शीळ घालत होता. मग शीळ थांबली. अभ्र्यावरून इस्त्री फिरत होती आणि अभ्रा जसा होता तसाच, दमट, तोंड पाडून पडलेला. त्याने जोर लावला. इस्त्रीला जोराशी काही देणंघेणं नव्हतं. “ही झोपलीय का?” तो म्हणाला. आठव्या टेबलावरच्या चष्मेवालीने नुसता चष्मा वर सरकवला. तिला तिथे चार वर्षं झाली होती.

पलीकडे पहिल्या टेबलावर मावशींनी अभ्र्यावर अभ्रा रचला आणि इस्त्री टेकवली. चर्र असा आवाज झाला. हा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्यांचे हात नेहमीच्याच चालीने चालले होते, फक्त आता कापड हट्ट करत नव्हतं, ऐकत होतं. अकराला दीड मिनिट कमी असताना त्रेसष्टावा अभ्रा घडी होऊन गठ्ठ्यावर पडला. मावशींनी इस्त्री उभी ठेवली, हाताची घडी घातली आणि साहेबांकडे बघत बसल्या.

“वेळ आहे अजून,” मुकादम म्हणाला.

“कागदावर त्रेसष्ट लिहिलंय. गणिताचा मान ठेवायचा असतो.”

तुफानचे एकेचाळीस झाले होते. बेचाळिसावा त्याने रागाने चुरगाळला होता. तो घामाघूम होऊन उठला, नवव्या टेबलाकडे पाहिलं, मग आलेखाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच लाल अक्षरं नीट वाचली.

साहेबांनी दोन्ही गठ्ठे स्वतः मोजले. ते विचारी माणूस होते. बराच विचार करून ते म्हणाले, “स्पष्ट आहे. तुफानला नवव्या टेबलाची हवा लागली.”

“आणि मला पहिल्याची?”

“अर्थात. म्हणजे दोष टेबलाचा आहे. मी आदेशात दुरुस्ती करतो. आता नववं टेबलच भिजवण खोलीत वर्ग होईल. तुम्ही त्याच्याबरोबर जाल, टेबल एकटं जाऊ शकत नाही.”

मग चष्मेवाली म्हणाली, “साहेब, नववं गेलं की शेवटचं टेबल माझं ना?”

“हो.”

“मग सर्वात कमी माझं भरेल. मग माझं टेबल जाईल.”

“ते आकडे ठरवतील.”

“मग सातव्याचं,” सातव्या टेबलावरचा म्हणाला. त्याच्यामागोमाग सहाव्यावरच्याने मान वळवली. वजाबाकी टेबलाटेबलावरून पुढे सरकत तुफानपर्यंत पोचली, तेव्हा तो बोटांवर मोजत होता.

मावशी आपल्या नवव्या टेबलापाशी परत गेल्या. “हे टेबल कुठेही जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “मीही नाही. साहेब, तुम्हाला वाटतं हवेचा दोष आहे. हवा इथली इथेच राहू दे, मी फक्त एक गोष्ट बदलते. सगळ्यांनी आपापल्या इस्त्रीचे प्लग काढा, टेबलांच्या वायरी तशाच राहू द्या.”

तुफान पुढे गेला आणि त्याने पहिल्या इस्त्रीचा प्लग उपटला. त्याच्या हातात त्या एका तासाची चीड अजून गरम होती. दुसरा निघाला, तिसरा, आठही. मावशींनी आता मीटर उघड टेबलावर ठेवलं. दोनशे अठरा व्होल्ट. चार पूर्णांक एक अँपियर.

“भाग करून बघा,” त्या साहेबांना म्हणाल्या. “त्रेपन्नच येईल. आता गुणा. आठशे चौऱ्याण्णव वॅट. टेबल तेच, मी तीच, हवाही तीच, तुम्हीच मघापासून घेताय.” आणि त्यांनी इस्त्री टेकवली. चर्र.

“हा संप आहे,” साहेब म्हणाले. या वेळी प्रेम जरा कमी होतं.

“संपात काम बंद असतं. इथे चालू आहे. फक्त एका वेळी एकाचं, नीट चालू आहे.”

तसंच झालं. एक तास एक टेबल, मग दुसरं. बाकीचे आठ जण हाताची घडी घालून आपल्या पाळीची वाट बघत, अतिशय शिस्तीत. कुणाला कामचुकार म्हणायची सोय नव्हती, कारण प्रत्येकजण आपल्या तासाला पूर्ण वेगाने राबत होता. मावशींनी एकच दंडक घातला. जे होतील ते अभ्रे आधी वॉर्डांत जायचे, पेशंटला दमट उशी मिळता कामा नये. उरले तर डॉक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत, आणि त्यातून उरले तर वरच्या कार्यालयात. उरत नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी मोठे डॉक्टर पंधरा मिनिटं आडवे झाले आणि उघड्या उशीच्या कापसाला शिंकत उठले. त्यांनी फोन उचलला. साहेबांच्या खोलीतून बराच वेळ नुसतं “हो सर” ऐकू येत होतं.

“वन्सं, साहेबांचा रोध आज मोजता आला असता,” मावशी संध्याकाळी म्हणाल्या.

“किती निघाला असता?”

“काही नाही. सगळंच वाहत होतं.”

रविवारी विभाग बंद असताना माणसं येऊन गेली. सोमवारी सकाळी बोर्डापासून प्रत्येक टेबलापर्यंत एकेक जाड, स्वतंत्र वायर आली होती. मुकादम पहिल्या टेबलामागे मोजे घेऊन उभा होता आणि भिंतीला हात लावून बघत होता. भिंत गार होती. दप्तरात त्या कामाची नोंद ‘भिंतीस रंग देणे’ अशी झाली. भिंतीला रंग दिलेला नव्हता. नवव्या टेबलावर दोनशे सत्तावीस व्होल्ट आले, आणि मावशींनी पहिल्याच तासात चौसष्ट अभ्रे काढले, कारण आता कागदावर काही लिहिलेलं नव्हतं.

त्यांच्या बदलीच्या आदेशाचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. तो रद्द झाला नाही, स्थगित झाला नाही, तो सापडत नाही. आलेखही भिंतीवरून गेला. आलेख कुठे गेला असं विचारल्यावर साहेबांनी प्रेमाने विचारलं, कुठला आलेख.

फायलीतले सहा शेरे मात्र सापडत होते. मावशींनी ते खोडून मागितले. साहेब म्हणाले, शेरा खोडायला कारण लिहावं लागतं. कारण सांगितलं तर ते म्हणाले, असं काही घडल्याची नोंद नाही, आणि न घडलेल्या गोष्टीमुळे घडलेला शेरा कसा खोडणार? मावशींनी मान डोलावली. मग त्यांनी कपाटामागे फेकलेल्या जुन्या वायरी गोळा केल्या, गुंडाळून नीट गाठोडं बांधलं, दुपारच्या सुटीत एक कागद काढला, आणि त्यावर आवक कारकुनाचा शिक्का घेऊन तो गाठोड्यासकट साहेबांच्या टेबलावर ठेवला.

‘प्रति, माननीय विभागप्रमुख. विषय: दहावे टेबल सुरू करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, माझ्या फायलीत सलग सहा वर्षे नोंदवलेला ‘मंद’ हा शेरा काढणे नियमात बसत नसल्याचे तोंडी कळवण्यात आले आहे. अर्जदार नियमांचा आदर करते. सबब विनंती की, आपल्या खोलीतील पंखा, दिवा, घंटी व चहाची किटली ही उपकरणे सोबत जोडलेल्या जुन्या वायरींच्या शेवटच्या टोकास दहावे टेबल म्हणून जोडण्यात यावीत. आपण त्याच टेबलावरून सलग सहा वर्षे कामकाज करावे. दररोज सकाळी आपले व्होल्ट व अँपियर मोजून त्यांचा भागाकार व गुणाकार करण्याचा अधिकार अर्जदारास देण्यात यावा. आणि सहा वर्षांअखेर आपल्या फायलीत कोणता शेरा लिहायचा, ते ठरवण्यासाठी नऊही टेबलांवरील कर्मचाऱ्यांची समिती नेमून तसा आदेश आपल्याच सहीने, सात दिवसांच्या आत निर्गमित करण्यात यावा, ही नम्र विनंती.’